आमच्या घरात दूध फाडत नाहीत

सकाळी उठल्यावर पापण्या जड होतात, पायातली जोडवी रुततात, आणि सगळे म्हणतात की तब्येत छान सुधारली; असं ज्यांचं होत असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. चौथी पास झालेली, गाईगुरांत वाढलेली बाई आहे. माझ्या आजारातलं मला जेवढं कळलं ते फार थोडं, आणि त्यातलंही निम्मं एकमेकांशी भांडतं. तरी लिहिते. मी खाटेवर पडले होते तेव्हा आपल्यासारखंच आणखी कुणाचं तरी डोकं चक्रावलं होतं, एवढं जरी वाचायला मिळालं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

अंग धरलं

आमचं घर हिंगणीच्या पलीकडं, बोरच्या जंगलाला लागून. गवळ्यांचं घर. दूध आम्ही विकत नसू. विरजायचं, घुसळायचं आणि तूप सेलूच्या बाजाराला न्यायचं. घरात मी, आमचे हे, आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. कितीही आडमुठी गाय असो, आत्याबाईंचा हात लागला की पान्हा सोडायची. गावातले लोक अडलेली गाय घेऊन त्यांच्याकडं यायचे, आणि त्या कुणालाही नाही म्हणत नसत. मात्र सुनेशी बोलताना त्यांच्या जिभेला तेवढा पान्हा फुटत नसे, हेही खरं.

आमच्या घरात दुधाचा एक नियम होता. विरजण लावायचं, पण दूध फाडायचं नाही. उकळत्या दुधात लिंबू पिळून ते जाणूनबुजून फाडणं म्हणजे गाईच्या कासेवर घाव घालणं. त्यानं गाय गाभ टाकते, आणि घरातल्या बाईची कूसही धरत नाही, असं आम्ही मानत होतो. दूध आपल्या आपण नासलं तर ते कुणी खायचं नाही, फेकायचंही नाही. ढेपेत कालवून गाईलाच घालायचं. गाईचं गाईला.

लग्नाचं तिसरं वर्ष होतं. दिवाळीच्या आधी माझा चेहरा भरून आला. विहिरीवरच्या बाया म्हणाल्या, "काय खाऊ घालून राह्यली व माय सुनेले? पोरीनं चांगलं अंग धरलं." आत्याबाई खूश झाल्या. मला दिवस गेले असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं आणि माझ्या पेल्यातलं दूध वाढवलं. मीही खूश होते. फक्त बांगड्या निघेनात, संध्याकाळी पाय खांबासारखे होत, आणि पिंडरीवर बोट दाबलं की खळगा पडे तो भरून येईना. लघवीला फेस यायचा, धार काढताना चरवीत येतो तसा. हे कुणाला सांगायचं? दिवस गेल्यावर असंच होत असेल, असं समजून मी गप्प बसले.

मग नेहमीप्रमाणे मी बाहेरची झाले आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. आता ही सूज कसली? वैद्यबुवांनी काढा दिला आणि सांगितलं, दूध बंद, दुधानं कफ वाढतो. सेलूच्या दुसऱ्या वैद्यांनी सांगितलं, बाकी सगळं बंद, फक्त दूध. शेजारच्या काकूंनी गिरडच्या दर्ग्यावरून दोरा आणून माझ्या दंडाला बांधला, आणि सुजेनं तो दोराही रुतायला लागला. एक दिवस दूध, एक दिवस नाही, असं काही दिवस चाललं. शेवटी ह्यांनी एका सकाळी कुणाला न विचारता गाडी जुंपली.

काचेची नळी

सेलूपर्यंत गाडी, तिथून रेल्वेनं वर्धा, आणि पुढं शहराबाहेरचा दवाखाना. आत्याबाई सोबत होत्या. तिथं पुण्याकडच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, खादीचं लुगडं नेसणाऱ्या, वयानं माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी माझे पाय दाबून पाहिले, पापणी ओढून पाहिली आणि लघवी आणायला सांगितली. ती त्यांनी काचेच्या नळीत घातली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली.

आम्ही दोघी बघत होतो. आधी काही झालं नाही. मग वरच्या भागात धूर कोंडल्यासारखं दिसलं, आणि बघता बघता सगळं पांढरं झालं. बाईंनी वरून आंबट वासाचं काहीतरी थेंबभर टाकलं. पांढरं विरघळलं तर नाहीच, उलट त्याच्या गुठळ्या झाल्या.

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. "बाई, हे तं दूध होय."

"दूध नाही, आजी. लघवी आहे."

"मंग फाटली काऊन?"

डॉक्टरीणबाईंनी दिवा विझवला आणि चांगलं समजावून सांगितलं. रक्तात एक पदार्थ असतो, दुधाला ज्यानं दूधपण येतं त्याच जातीचा. त्याला प्रोटीन म्हणतात. मूत्रपिंड म्हणजे गाळणी समजा. त्या गाळणीची भोकं मोठी झालीत. जे अंगात राहायचं ते बाहेर पडतंय, आणि ते कमी झालं म्हणून पाणी अंगात साचतंय.

गाळणी मला कळली. पण भोकं मोठी झाली तर पाणी जास्त बाहेर जायला हवं, ते अंगात कसं साचतं? हे मी तेव्हाही विचारलं आणि नंतरही बरेचदा विचारलं. उत्तर दर वेळी मिळालं, समाधान एकदाही झालं नाही. आत्याबाईंनी मात्र काहीच विचारलं नाही. त्या नळीकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर घरातलं सगळ्यात मोठं पाप सुनेच्या पोटात घडत होतं.

"बरी होईन का?" मी विचारलं.

"पुष्कळ जण होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सगळे होतात असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि ते माझ्या लक्षात आलं.

दोन डॉक्टर, दोन वाटा

मला ठेवून घेतलं. आत्याबाई माझ्यासोबत राहिल्या आणि हे गुरांसाठी गावी परत गेले. नागपूरहून एक मोठे डॉक्टर अधूनमधून यायचे. त्यांनी मला तपासलं आणि म्हणाले, मूत्रपिंडाला विश्रांती द्या, प्रोटीन कमी करा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते दुसऱ्या तऱ्हेच्या आजारात, हिचं इतकं जातंय की भरपूर द्यायला हवं. मग ते दोघं माझ्या खाटेशेजारी उभं राहून इंग्रजीत बोलायला लागले. मला त्यातलं 'मिल्क' तेवढं कळत होतं. माझ्याच पोटात काय जावं यावर वाद चालला होता आणि मी या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत होते.

शेवटी डॉक्टरीणबाईंचं ठरलं. मीठ एकदम बंद. डाळ मला पचत नव्हती, खाल्ली की ओकारी. अंड्याचं नाव काढल्यावर आत्याबाईंनी असं बघितलं की बाईंनी ते पुन्हा काढलं नाही. मग राहिलं दूध. पण नुसतं दूध फार प्यायलं तर पाणीही अंगात तेवढंच जातं, शिवाय त्यात मीठ असतं, असं बाई म्हणाल्या.

"दुधात मीठ?" आत्याबाईंचा विश्वासच बसेना. "बाई, दुधात मीठ पडलं तं दूध नासते."

"असतं थोडं, आजी. म्हणून दूध फाडायचं, गोळा खायला द्यायचा आणि पाणी टाकून द्यायचं."

"आमच्या घरात दूध फाडत नाहीत."

बाईंनी कपाळाला हात लावला नाही, त्यांचं हे मला आवडलं. त्यांनी विचारलं, "दही चालतं? मग दही कापडात टांगा. चक्का हिला द्या, निवळी फेका." आत्याबाई मान डोलावून हो म्हणाल्या. हे चक्का-निवळीचं बोलणं झालं तेव्हा मला वजनाच्या काट्यावर नेलं होतं, मला ते मागाहून कळलं. ते नीट माझ्या कानावर पडलं असतं तर पुढचं वेगळं झालं असतं.

दवाखान्यातले दिवस

सकाळी घंटा, मग लघवीची बाटली, मग नळी, मग काटा. वजन वाढत होतं आणि मी वाळत चालले होते. दंडाची हाडं दिसायला लागली आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. आरशात बघू नका, एवढंच मी या बाबतीत सांगेन.

बिनमिठाचं जेवण ही आजाराहून मोठी शिक्षा वाटायची. त्यावर शेजारच्या खाटेवरच्या शेवंताबाईंनी तोड सांगितली. भाकरीवर लिंबू पिळायचं, भाजलेलं जिरं भुरभुरायचं आणि हिरवी मिरची चुरडायची. जीभ फसते. ज्यांचं मीठ बंद असेल त्यांनी करून बघावं.

शेवंताबाई समुद्रपूरकडच्या. मागच्याच वर्षी नागपूरला जाऊन त्यांच्या सगळ्या घरानं बुद्धाची दीक्षा घेतली होती. माझ्या दंडावरचा दोरा बघून त्या म्हणाल्या, "आमी आता गंडे-दोरे सारे सोडले, पोरी. तू डाक्टरीनबाईचं ऐकजो." आत्याबाई पहिले बरेच दिवस त्यांच्या खाटेकडं पाठ करून बसत. शेवंताबाई ते बघत, आणि माझ्याशी मुद्दाम मोठ्यानं बोलत.

आवारात नातेवाईकांच्या चुली होत्या. पलीकडं गोशाळा होती, तिथून आत्याबाई धारोष्ण दूध आणत. आमच्याकडं विरजायचं दूध उकळत नाहीत, नुसतं कोमट करतात. तसं करून त्या दही लावत, कापडात टांगत, आणि खाली गळलेली हिरवट निवळी पेला भरून मला पाजत. मला वाटलं, हेच औषध. आंबट लागायची, मी डोळे मिटून प्यायचे.

आणि काय नवल, नळी साफ व्हायला लागली. पूर्वी गच्च पांढरी व्हायची, ती आता धुरकट व्हायची. आत्याबाई रोज सकाळी नळीसमोर जाऊन उभ्या राहत आणि परत येताना त्यांची मान ताठ असे. मी मात्र उठून बसायला गेले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. डॉक्टरीणबाई नळी बघायच्या, मला बघायच्या, पुन्हा नळी बघायच्या. एकदा त्या स्वतःशीच म्हणाल्या, "हे जुळत नाही." डॉक्टरच गोंधळले म्हटल्यावर मला फार भीती वाटली. आतापर्यंत गोंधळणं हे काम माझं होतं.

गाईचं गाईला

उलगडा केला गोशाळेच्या गवळ्यानं, आणि तोही हसता हसता. डॉक्टरीणबाई आवारातून जात असताना तो म्हणाला, "तुमच्या दवाखान्यातली बुडी लय दिलदार हाये. रोज सकाळी आमच्या गाईले चक्का चारून राह्यली."

बाई तशाच माझ्या खाटेपाशी आल्या. आत्याबाई पेला घेऊन बसल्या होत्या.

"आजी, चक्का कुणाला देता?"

"गाईले."

"आणि हिला?"

"निवळी." आत्याबाईंनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं आपण काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. "हिच्या पोटात पांढरं गेलं की थे फाटून बाहीर पडते. म्या पाह्यलं ना माह्या डोयानं. मंग पांढरं देऊच कायले? फाटाले काई भेटलंच नाई तं फाटन कसं? आन् पाहा तुमी, नळी साफ झाली का नाई?"

डॉक्टरीणबाई रागानं लाल झाल्या होत्या, पण या प्रश्नावर त्यांना हो म्हणावंच लागलं. कारण नळी खरंच साफ झाली होती.

"झाली," त्या म्हणाल्या. "मडकं रिकामं होत आलं की गळतीही कमी होते, आजी. म्हणून मडकं बरं झालं असं होत नाही."

आत्याबाईंना ते पटलं नाही. "निवळी साफ पानी हाये. थिच्यात कायी नाई."

बाईंनी पेल्यातली निवळी घेतली. पातळ कापडातून गाळली, माझ्या लघवीची असायची तसल्याच नळीत घातली आणि दिवा आणून आमच्या समोर पेटवला. शेवंताबाई उठून बसल्या. निवळी तापली, वरून धुरकटली, आणि मग तिच्यात पांढरे कण उठायला लागले. कण वाढले, एकत्र आले. पहिल्या दिवशी माझ्या नळीत दिसलं होतं तसंच ते दिसत होतं.

"दुधात ही प्रोटीनं दोन तऱ्हेची असतात," बाई आता हळू बोलत होत्या. "एक आंबट झालं की लगेच गोळा होतं. तो तुमचा चक्का. दुसरं निवळीत लपून राहतं आणि आच लागली की दिसतं. तुमच्या सुनेच्या अंगातून जातंय ते या दुसऱ्यासारखं आहे. निवळीत ते थोडं होतं, म्हणून ती अजून तगलीय. पण ते पुरत नाही. तिला सगळं पांढरं हवंय."

आत्याबाईंनी नळी हातात घेतली. गरम होती तरी सोडली नाही. "म्हंजे म्या हिले उपाशी मारून राह्यली?"

मला राग यायला हवा होता, आणि आलाही. मला रडू येत होतं आणि त्या पेल्याकडं बघून हसूही येत होतं. या बाईनं मला मरायला टेकवलं होतं, आणि तेही माझं पोट पापापासून वाचवण्यासाठी. अशा माणसाचं काय करायचं? शिव्या द्यायच्या की पाया पडायचं? मी पाठ वळवून भिंतीकडं तोंड केलं.

हात

दुसऱ्या दिवसापासून चक्का माझ्या वाट्याला आला. पण आता थंडी कडाक्याची पडली होती आणि विरजण लागेना. सकाळी बघावं तर दूध तसंच पातळ, नाहीतर अर्धवट आंबलेलं, आणि ते खाल्लं की मला ओकारी व्हायची. अंगात ताप भरला. हे गावाहून आले आणि मला बघून दाराशीच खाली बसले. घरची गाय गाभण आहे एवढंच त्यांना बोलायला सुचलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं. "दह्याची वाट बघायला वेळ नाही. दिवसातून तीनदा ताजं दूध फाडून गोळा द्या. तिच्या अंगात आता काही गेलं नाही, तर मला पुढचं सांगता येत नाही." आणि त्या निघून गेल्या. हुकूम देऊन उभं न राहण्यात त्यांची माया होती, हे मला फार पुढं कळलं.

चुलीवर दूध उकळत होतं. माझी खाट व्हरांड्यात आणली होती, तिथून चूल दिसत होती.

हे म्हणाले, "माय, मी फाडतो."

"तू फाडशीन तं गोठा कोन पाहीन?" आत्याबाई म्हणाल्या. "ज्या हातानं दूध फाडलं त्या हातानं मंग धार काढता येत नाई. माहीत नाई का तुले?"

मला हे माहीत नव्हतं. आमच्या माहेरी दूध कुणी फाडलंच नव्हतं, म्हणून फाडल्यावर काय होतं ते कुणी बोललंही नव्हतं. मी म्हटलं, "मी पिळतो लिंबू. मले आना इकडं."

"तुह्या ओटीत अजून लेकरू याचं हाये. गप पड."

शेवंताबाई, त्यांनाही त्या दिवशी ताप होता, भिंत धरत धरत व्हरांड्यात आल्या होत्या. त्यांनी हात पुढं केला. "आजी, आना थे लिंबू. मी फाडून देतो. आमाले आता असं पाप-बीप लागत नाई."

आत्याबाईंनी त्यांच्याकडं पहिल्यांदाच सरळ बघितलं. मला वाटलं, शिवाशिवीचं काहीतरी बोलतील आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होईल. पण त्या म्हणाल्या, "तुले लागो का नको लागो. पाप करायचं तं आपल्या हातानं करावं, बाई. दुसऱ्याच्या माथी कायले मारू?" मग जरा थांबून त्यांनी पाट सरकवला. "उभी नको राहू. तापात हायेस. बस."

त्यांच्या हातात लिंबू होतं. त्या वेळी मला सगळं कळत होतं. त्या काय देऊन टाकत होत्या तेही कळत होतं. नको म्हणावं की म्हणू नये, याचा गोंधळ माझ्या मनात फार वेळ टिकला नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मले मरायचं नाई."

"माहीत हाये," त्या म्हणाल्या, आणि लिंबू पिळलं.

दूध थबकल्यासारखं झालं आणि मग तुटलं. पांढरं एकीकडं, हिरवट पाणी एकीकडं. त्यांनी तोंड फिरवलं नाही, शेवटपर्यंत बघितलं. कापडात गाळलं, पिळलं, वर पाणी घालून आंबटपणा धुतला आणि पहिला घास स्वतः मला भरवला. तो गोड नव्हता, खारट नव्हता, आंबटही फारसा नव्हता. चव कशी होती म्हणून कुणी विचारलं तर मला आजही सांगता येत नाही. पण तो घास पोटात राहिला.

कशानं बरी झाले

ताप उतरला. थंडी सरता सरता एका दुपारी लघवी सुटली ती थांबेचना. परिचारिका बाटल्या बदलून थकल्या. सूज पायांवरून, पोटावरून, चेहऱ्यावरून उतरत गेली आणि खालून एक काटकुळी बाई निघाली, ती मी. नळी हळूहळू खरोखरची साफ झाली.

आता हे कशानं झालं ते तुम्ही ठरवा. शेवंताबाई म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंनी केलं. गावी गेल्यावर काकू म्हणाल्या, दोऱ्यानं केलं. वैद्यबुवा म्हणाले, काढ्याचा गुण उशिरा येतो. मोठे डॉक्टर म्हणाले, खाटेवरची विश्रांती. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तेव्हा त्या हातातली नळी धूत होत्या. म्हणाल्या, "दुधाच्या गोळ्यानं तुला तगवलं एवढं मी सांगू शकते. पण हा आजार कधी कधी आपला आपण जातो. का जातो ते मलाही नक्की माहीत नाही." इतक्या दिवसांत मला सगळ्यात जास्त आधार या वाक्यानं दिला. ज्याला माहीत नाही त्यानं माहीत नाही म्हणावं, एवढंच रोग्याला हवं असतं. पुढं बरीच वर्षं मी चेहरा सुजला की काय म्हणून सकाळी डोळ्यांवरून हात फिरवत असे. सूज पुन्हा आली नाही.

तुम्ही या आजारात असाल तर माझं सांगणं इतकंच की काय खायचं आणि काय टाकायचं ते डॉक्टरांकडून स्वतःच्या कानांनी ऐका, आणि न कळलं तर पुन्हा विचारा. तुमची माणसं तुमचं वाईट चिंतत नसतात, पण मायेला सगळं कळतंच असं नाही.

गोठ्यात

मी घरी आले त्यानंतर आमची गाय व्याली. कालवड झाली, धडधाकट. गाय आटली नाही, दगावली नाही, काही झालं नाही. मी धावत जाऊन आत्याबाईंना म्हटलं, "पाहा, कायी झालं नाई. दूध फाडून कायीच वाकडं झालं नाई. चाला गोठ्यात."

"नाई झालं," त्या म्हणाल्या. "म्या हात लावला नाई म्हून नाई झालं."

त्यांचंही कुठं चूक निघत नव्हतं. मीच धार काढायला बसले. मला ते कधी नीट जमलं नव्हतं. गाय अवघडली, तिनं पाय झाडला, चरवी लवंडली. आत्याबाई गोठ्याच्या दाराबाहेर उभ्या होत्या. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही, पण तिथूनच सांगत राहिल्या, "आंगठा आत नको मोडू. पहिले कालवडीले लाव. गाईशी बोल जराशीक, मुक्यावानी काय बसली!" बोलता बोलता त्यांची बोटं हवेतच मिटत आणि उघडत होती. त्यांना ते कळत नव्हतं.

मला बघवलं नाही. मी तशीच उठले आणि दाराशी जाऊन त्यांचे दोन्ही हात धरले. रडतच म्हटलं, "आत्याबाई, माह्यासाठी काऊन केलं तुमी हे? तुमाले पस्तावा नाई होत?"

त्यांनी हात सोडवून घेतले आणि माझ्या गालावरून बोट फिरवलं. सूज आहे का ते बघत असाव्यात.

"गाई लय भेटतीन, पोरी," त्या म्हणाल्या. "जाय, धार काढ. कालवड वाट पाहून राह्यली."